ससा कमावण्याची कृती

निवृत्त माणसाला 'आता काय कमावता?' असं घरात कोणी तोंडावर विचारत नाही. पण भाजीची पिशवी ज्या तऱ्हेने हातात दिली जाते, त्यात ते ऐकू येतं. अशा गृहस्थांनी सशाचं कातडं कमावावं.

ससा पाळीवच घ्यावा. रामटेकच्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात थबकतो तो रानससा. त्याला हात लावलात तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आधी तुमचं कातडं सोलेल. मांसासाठी पांढरे ससे पाळणारा कोणी गाठावा. कातडं तो बहुधा फेकतच असतो. बनियन उलटं काढावं तसं ते निघतं. आणल्याबरोबर मीठ चोळावं.

मुहूर्त डिसेंबरचा. मी मे महिन्यात सुरुवात केली. नागपूरच्या 45 अंशांत कातडं मुरत नाही, सडतं. केस मुठीने हातात येतात. त्यातून मी ते कूलरच्या मागे वाळत घातलं होतं. रात्री अकरा वाजता वास बेडरूममधून बैठकीत पोचला. "अहो, काय करून राहिले तुम्ही?" याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं.

डिसेंबरात इतवारीच्या किराणा ओळीतून पाव किलो तुरटी आणि अर्धा किलो खडे मीठ आणलं. "पाणी साफ कराले का भाऊ?" दुकानदाराने विचारलं. हो म्हणावं. हे सगळं आठ लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. जर्मनची पातेली घेऊ नयेत. तुरटीच्या खारट पाण्याने ती खराब होतात, आणि ती तुमची नसतात.

दोन दिवसांनी आतल्या बाजूचा पापुद्रा काढायचा. पुस्तकात हे एका ओळीत असतं, मला एक अख्खा रविवार लागला. सशाचं कातडं फार पातळ. पापुद्रा कडेला नखाने सहज सुटतो, आपण खूश होतो, मग तो पोटापाशी अडून बसतो. जोर केला की भोक. तीन भोकं मी मोजली. चौथं मुळातच होतं असं मानलं. नंतर आणखी अर्धा किलो तुरटी घालून बादली सात दिवस झाकून ठेवायची, रोज दोनदा ढवळायची. पाचव्या दिवशी त्या बादलीवरून सोसायटीची बैठक झाली.

बैठकीत मी गांधीजींचं नाव काढून पाहिलं. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांचे कार्यकर्ते वाळुंजकर यांनी चर्मालय चालवलं, तेही मेलेल्या गुरांच्या कातड्यावर. बाभळीची साल, हिरडा यांनी कातडं कमावण्याची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. सालीचं पाणी भरलेली कातड्याची पिशवी झाडाला टांगलेली असायची. ढोर आणि चर्मकार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं आणि गावाने त्यांनाच वेशीबाहेर ठेवलं. चपला मात्र गावाने घातल्या. आमच्या बैठकीलाही सगळे चामड्याच्या चपला घालूनच आले होते. बादली गच्चीवर न्यावी, असा ठराव झाला.

शेवटचं काम मऊ करण्याचं. धुऊन सावलीत वाळवावं आणि किंचित ओलं असतानाच खुर्चीच्या पाठीवर इकडून तिकडे ओढत राहावं. चहाला उठलात तर परत येईपर्यंत पापड झालेला असतो. मी दोनदा उठलो. तरी मधला वीतभर तुकडा मखमलीसारखा निघाला आणि घरात प्रथमच कोणीतरी म्हणालं, "छान कमावलंय."

परवा तो धुण्यात गेला. तुरटीने कमावलेलं कातडं पाण्यात भिजलं की तुरटी निघून जाते आणि ते पुन्हा कच्चं होतं. असं झाल्यास पाव किलोपासून परत सुरुवात करावी.