फ्लेक्सवरील भावी नगरसेवकास अनावृत पत्र

प्रति,
मा. भावी नगरसेवक (गेल्या तीन निवडणुकांपासून भावी),
मुक्काम : मुख्य चौक, फ्लेक्स, डावीकडून चौथा फोटो

विषय : फलक, निरीक्षक व फेरमोजणी यांचे नियम निकालाआधी वाचण्याबाबत.

महोदय,

स्थानिक निवडणुकीची अधिसूचना राज्य निवडणूक आयोग काढतो, पण निवडणूक त्याच्या कितीतरी आधी फ्लेक्सवर सुरू झालेली असते. या फ्लेक्सची रचना राज्यभर जवळपास सारखीच. वर गोलांमध्ये श्रेष्ठी, त्याखाली मोबाइल कानाला लावलेले भाऊ, बाजूला ‘कार्यसम्राट’ किंवा ‘विकासपुरुष’, आणि तळाशी पासपोर्ट आकाराचे शुभेच्छुक. ज्याला शुभेच्छा द्यायच्या त्याचा वाढदिवस नसला तरी चालते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत मात्र या गर्दीत सहसा सापडत नाही.

सार्वजनिक जागी फलक लावायला स्थानिक संस्थेची लेखी परवानगी लागते. मुंबईत त्यासाठी १८८८च्या महापालिका कायद्यातील ३२८ आणि ३२८-अ ही कलमे आहेत, इतर महापालिकांत १९४९च्या कायद्यातील २४४ आणि २४५. पुण्यासारख्या शहरात हे काम पाहणाऱ्या विभागाचे नाव ‘आकाशचिन्ह व परवाना’ असे आहे. चौकातल्या चेहऱ्यांना आकाशचिन्ह म्हणण्याइतकी विनोदबुद्धी शासनाकडे आहे, हे नोंदवायला हवे. शिवाय महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आहेच. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. बांबूची चौकट धरली तर एका मोठ्या फ्लेक्सचा खर्चही या दंडातून भागत नाही, त्यामुळे दंड हा बऱ्याच मंडळींना छपाईखर्चाचाच एक भाग वाटतो. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेश दिले. त्यानंतर फ्लेक्स कमी झाले नाहीत. ‘कार्यकर्त्यांनी लावले, मला कल्पना नाही’ हा खुलासा तेवढा पाठ झाला.

आचारसंहिता लागली की महापालिकेची गाडी फिरते आणि फलक उतरतात. बाकांवरची, बसथांब्यांवरची ‘यांच्या निधीतून’ ही अक्षरे कागद चिकटवून झाकली जातात. पुढे एखादी बकरी तो कागद खाते आणि विकास पुन्हा दिसू लागतो. प्रचाराचा प्रत्येक चौरस फूट आता खर्चात धरला जातो. त्यासाठी ठरवलेल्या दरपत्रकात चहा आणि वडापावसुद्धा असतो, म्हणून हिशेबात कार्यकर्ते महिनाभर चहावर जगलेले दिसतात.

निरीक्षकाबद्दल उमेदवारांत मोठा गैरसमज आहे. या निवडणुका दिल्लीचा भारत निवडणूक आयोग घेत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ के आणि २४३ झेडएनुसार त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. निरीक्षकही हाच आयोग नेमतो, बहुधा बाहेरून आलेला एखादा वरिष्ठ अधिकारी. तो पाहतो, तक्रार ऐकतो, आयोगाला कळवतो. मते तो मोजत नाही आणि निकालही जाहीर करत नाही. ते काम निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे. त्यामुळे पडल्यावर निरीक्षकाच्या गाडीपुढे आडवे होण्याने वर्तमानपत्रात फोटो येतो, मत वाढत नाही.

उमेदवाराचा खरा निरीक्षक त्याने स्वतः नेमलेला असतो : केंद्रावर मतदान प्रतिनिधी, मोजणीच्या टेबलापाशी मतमोजणी प्रतिनिधी. मतदानाआधी सकाळी प्रतिनिधींसमोर यंत्रावर अभिरूप मतदान होते, ती मते पुसली जातात, यंत्राला मोहोर लागते आणि त्यावर सह्या होतात. संध्याकाळी एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब लिहिला जातो. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि मोहोर पाहायची, पडद्यावरचा एकूण आकडा त्या हिशेबाशी ताडायचा, मग उमेदवारवार आकडे उतरवून घ्यायचे. या कामाला कागद, पेन आणि जागा असलेला माणूस लागतो. भावी नगरसेवकाचा माणूस सकाळी पोहे खाऊन उशिरा येतो, दुपारी गुलालाची चौकशी करायला बाहेर पडतो, आणि गडबड झाल्याचे सर्वांत मोठ्याने तोच सांगतो. फ्लेक्सवर तीस चेहरे मावतात, टेबलापाशी एक बसत नाही. पहाऱ्याला मात्र माणसे मिळतात. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ रोजी झाले आणि काही ठिकाणचे मतदान पुढे गेल्याने मोजणी २१ डिसेंबरवर गेली, तेव्हा अनेक गावांत कार्यकर्ते स्ट्राँगरूमबाहेर रात्री जागले.

फेरमोजणी हा हक्क म्हणून मिळत नाही, ती मागावी लागते. निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, कारणे देऊन. अधिकारी ती पूर्ण मान्य करू शकतो, काही टेबलांपुरती मान्य करू शकतो किंवा निरर्थक वाटली तर कारण नोंदवून फेटाळू शकतो. ‘आमच्या आळीतून एवढी कमी मते पडूच शकत नाहीत’ हे कारण नव्हे. महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते. त्यामुळे यंत्राची फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा पाहणे. चूक सापडलीच तर ती बहुधा माणसाने आकडा उतरवताना केलेली असते, आणि ती दाखवायला टेबलावरचा तो कागदच लागतो. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. तिथे एकच मतदार तीन-चार जागांसाठी बटणे दाबतो, म्हणून तो कागद अधिकच जपून लिहावा लागतो.

फेरमोजणी कधी फळतेही. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगाव परिसरातील प्रभाग २२०मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांची मते फेरमोजणीनंतर प्रत्येकी ५,९४६ भरली. अखेर चिठ्ठी काढण्यात आली आणि शहा निवडून आले. त्या सभागृहात शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी चुरस होती, तेव्हा त्या एका चिठ्ठीची किंमत करता येईल. हरियाणातील पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू या गावी सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२मध्ये झाली. वाद एका केंद्रावरच्या मोजणीवरून सुरू झाला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५मध्ये यंत्रे न्यायालयाच्या आवारात आणून मोजली गेली. पराभूत ठरलेल्याला १,०५१ आणि विजयी ठरलेल्याला १,००० मते निघाली. म्हणजे पावणेतीन वर्षांनी सरपंच बदलला. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत यंत्रच नव्हते. ३० जानेवारी २०२४ रोजी पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद केल्या, पण वर कॅमेरा होता. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या आठही वैध धरल्या आणि १६ विरुद्ध १२चा निकाल १६ विरुद्ध २० झाला. या तीनपैकी एकाही प्रकरणात फ्लेक्स पुरावा म्हणून दाखल झाल्याचे ऐकिवात नाही.

निकाल जाहीर झाल्यावर अधिकाऱ्याच्या टेबलावर काही उरत नाही, पुढचा रस्ता कोर्टाचा. महापालिका आणि नगरपरिषदेसाठी मुदत १० दिवसांची, ग्रामपंचायतीसाठी १५. मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जायचे, ग्रामपंचायतीसाठी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. सर्वोच्च न्यायालय १९६४च्या रामसेवक यादव खटल्यापासून सांगत आले आहे की नुसत्या संशयावर मतपेट्या उघडायच्या नाहीत. कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, किती मतांची चूक झाली, हे अर्जात स्पष्ट यावे लागते. मत गुप्त राहणे हाही मतदाराचाच हक्क आहे, तेव्हा ही अट अन्यायाची म्हणता येत नाही.

यात एक काम राहून जाते. उमेदवार पडो की निवडून येवो, निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. न केल्यास पुढची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवता येते. कार्यकर्त्यांनी परस्पर लावलेले फ्लेक्सही त्यात धरावेत.

कळावे,
मतदार यादीत नाव शोधणारा एक नागरिक