खटक्यावर बोट

"रबर हाय काय पायात?"

दारात आलेल्या पाहुण्याला कुणी "या, बसा" म्हणतं, कुणी पाणी विचारतं. शाहूपुरीतले आमचे आप्पा आधी पाय बघतात. इतर घरांत पाहुणा चप्पल काढून आत येतो. आप्पांकडं तो चामड्याची काढतो आणि रबराची चढवतो. त्यासाठी जिन्याखाली लहानमोठ्या सात जोड स्लिपर मांडून ठेवल्यात. "चामडं भिजलं की करंट सोडतंय," असं ते खुशाल सांगतात, तेही कोल्हापुरात बसून!

स्लिपर चढवून माडीवर जायचं ते आगगाडी बघायला. चार बाय आठच्या प्लायवूडवर आप्पांनी मिरज-कोल्हापूर लाइन मांडलीय. हातकणंगले, रुकडी, वळिवडे, पंचगंगेवरचा थर्माकोलचा पूल, सगळं जिथल्या तिथं. इंजिन खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं, दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. शाहू महाराजांच्या काळात, १८९१ साली आलेली खरी गाडी कोल्हापूरला पोचते आणि आल्या वाटेनं परत फिरते. आप्पांची फिरत नाही. ती स्टेशन ओलांडून कागदाच्या लगद्याच्या सह्याद्रीत घुसते आणि बोगद्यातून थेट वैभववाडीला उतरते. सरकारी कागदांत अडकलेला मार्ग आप्पांनी रद्दीच्या कागदांत पुरा केलाय.

फक्त तो सुरू झालेला कुणी पाहिला नाही.

म्हणजे आप्पा सुरू करायला जातात. आधी मेन पाडतात. मग पिनेला टेस्टर लावतात. टेस्टर पेटत नाही. पण टेस्टरच बिघडलेला असला तर? म्हणून पुन्हा मेन चढवून टेस्टर तपासतात आणि पुन्हा मेन पाडतात. मग अर्थिंगची आठवण होते. मीठ-कोळशाचा तो खड्डा वाळला तर काही खरं नाही, म्हणून बादली घेऊन खाली जातात. वर येतात तोवर हात ओले. हात वाळेपर्यंत चहा. चहा होईतो दिवेलागण. "उद्या बघू." काकू म्हणतात, "सप्तपदीला भटजींनी अडवलं म्हणून, न्हाईतर ह्यांनी तीबी स्लिपर घालूनच केली असती."

आमच्या गावाची "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी" ही म्हण आप्पांच्या लेखी फुशारकी नाहीच. ती धोक्याची सूचना आहे. डीपीवरच्या कवटीखाली हीच लिहावी, असं त्यांचं मत आहे.

याला एक जुनं दुखणं कारणीभूत आहे. पुतण्यानं अमेरिकेहून वाफेच्या इंजिनाचा सेट आणला होता. तिकडच्या भिंतीत १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. आप्पांनी खटका दाबला. रेग्युलेटर अजून शून्यावर होता, पण धूर झकास निघाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की धूर इंजिनातून येत नव्हता, टेबलाखालच्या ट्रान्सफॉर्मरमधून येत होता.

तेव्हापासून आप्पांनी विषयाचा पिच्छा पुरवला. भाऊसाहेब जोशींनी पुण्यात कोथरूडला उभारलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून लोक डोळे विस्फारून बघतायत. आम्हीही गेलो. आम्ही गाड्या बघत होतो, आप्पा वाकून टेबलाखालच्या वायरी शोधत होते. वाकण्याआधी त्यांनी शेजारच्या चौथीतल्या पोराला विचारलंच, "रबर हाय काय पायात?"

खरी पंचाईत ही, की माणूस चुकीचं काही बोलत नाही. रुळात बाराच व्होल्ट असतात, झटका बसत नाही. पण डबा घसरून दोन रूळ जुळले, की चारपाच अँपिअर करंट केसाएवढ्या वायरीतून धावतो. वायर तापते आणि लगद्याचा सह्याद्री पेटतो. म्हणून फ्यूज. स्टेशनचे दिवे आणि सांधे यांच्यासाठी दोन ट्रान्सफॉर्मरच्या तारा एकत्र जोडल्या, तर एकाची पिन उपटूनही उपयोग नाही. दुसऱ्याचा करंट त्यात उलटा शिरतो, बाराचे परत दोनशेतीस होतात आणि हातातल्या मोकळ्या पिनेत मरण बसतं. हे ऐकून मीच दोन दिवस मिक्सर लावला नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेचं पाणी गल्लीत घुसलं तेव्हा लोक टीव्ही माडीवर चढवत होते. आप्पा दारोदार काठी आपटत फिरत होते. "आधी मेन पाडा! टीव्ही मग!" ऐन पावसात लोकांनी शिव्या घातल्या आणि मेन पाडले.

पाणी ओसरलं, चिखल राहिला. लाइट नव्हती. चिखल उपसणाऱ्यांची पोरं आप्पांच्या माडीवर गोळा केलेली, कंटाळून रडकुंडीला आलेली. आप्पांनी माझ्या मोटारसायकलची बॅटरी मागितली. बारा व्होल्ट, डीसी. गाडीला नेमकी तेवढीच लागते. गावभर वीज नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आप्पा निर्धास्त होते. तरी फ्यूज घातलाच. मग सवयीनं त्यांनी पोरांच्या पायांकडं बघितलं. सगळी अनवाणी. जिन्याखालच्या साती जोड पुरात गेल्या होत्या. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"असू द्या," ते म्हणाले. "बारा व्होल्टनं काय हुतंय."

गाडी हलली. रुकडी गेलं, पूल गेला, कोल्हापूर आलं आणि गेलंसुद्धा. पोरं ओरडत होती. इंजिन बोगद्यात शिरलं आणि समोरच्या घरात बल्ब पेटला. लाइट आली! गल्लीत एकच जल्लोष झाला.

आप्पांनी बॅटरीचा चिमटा ओढला. गाडी वैभववाडीच्या अलीकडं, बोगद्यातच राहिली. ते धडाधड जिना उतरले. "भिंती ओल्या हायती! मेन चढवू नका! वाळू द्या आधी!" दारामागून दार ठोठावत ते चिखलातून पळत होते.

मी कठड्यावरून बघितलं. आप्पांच्या पायात काहीच नव्हतं.

"आप्पा, रबर!" मी ओरडलो.

त्यांना ऐकू गेलं नाही.