सोसायटीच्या फायलींचं घाऊक बारसं : काही मार्गदर्शक सूचना

या सूचना अंबरनाथ पश्चिमेतल्या, विम्को नाक्यापासून कोहोजगावापर्यंतच्या, बिनलिफ्टच्या आणि अजून कन्व्हेयन्स न झालेल्या सर्व गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांना लागू आहेत. पूर्वेच्या संस्थांनीही वाचायला हरकत नाही.

प्रसंग ठरलेला असतो. रिडेव्हलपमेंटची बोलणी निघतात. वकील सांगतात, आधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घ्या आणि सगळी कागदपत्रं पीडीएफमध्ये द्या. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर वर्डच्या शेकडो फायली असतात. मग कमिटीतला सर्वांत तरुण सभासद, म्हणजे पन्नाशीच्या आतला, पकडला जातो. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना रे? टाक करून."

रूपांतराला काही लागत नाही. लिब्रऑफिस फुकट मिळतं, आणि त्याला पडद्याआड, खिडकी न उघडता, एका हुकमावर अख्खं फोल्डर पीडीएफ करायला लावता येतं. सेक्रेटरीकाकांचा चहा संपायच्या आत काम होतं. खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो, कारण बारशाला आत्या लागते आणि यंत्राला ती नसते. ते मूळ नाव तसंच ठेवून फक्त शेपूट बदलतं. 'सभा' नावाची एक फाइल जुन्या वर्डमधली (डॉक) आणि एक नव्या वर्डमधली (डॉकएक्स) असली, तर दोघींची मिळून एकच 'सभा.पीडीएफ' होते. दुसरी पहिलीवर बसते आणि यंत्र परवानगीही विचारत नाही. दरवर्षीच्या फोल्डरात 'एजीएम नोटीस' ही एकेक फाइल असते. सगळी फोल्डरं एकाच ठिकाणी रिकामी केली, तर संस्थेने स्थापनेपासून आजवर एकच वार्षिक सभा घेतली असं उपनिबंधकांना दिसेल. (काही संस्थांच्या बाबतीत हे सत्याच्या फार जवळ जातं, तो भाग वेगळा.) सबब फोल्डरचं नाव फाइलच्या नावात आधी घालावं, मगच बटण दाबावं.

निषिद्ध चिन्हांबाबत. विंडोजला फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, आणि त्यांत तिरकी रेघ आहे. महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा कागद ७/१२, म्हणजे त्याच्या नावातच तिरकी रेघ. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांच्यामध्ये तीच. तारखेत दोनदा तीच. आणि 'जा.क्र./गृह.संस्था/अं.प./४७/२०१८-१९' या जावक क्रमांकात तर तिचाच सुळसुळाट. यावर प्रत्येक सेक्रेटरीने आपापला तोडगा काढलेला असतो. एकाने ७-१२ केलं, दुसऱ्याने ७_१२, तिसऱ्याने '७ १२', चौथ्याने अक्षरी 'सातबारा', आणि मधल्या काळात कारभार पाहिलेल्या खजिनदारांनी '७१२'. पाचही फायली एकाच जमिनीच्या आहेत, हे तलाठ्याला कळेल, सर्चला कळणार नाही. कमिटीने ठराव करून एक रूप पक्कं करावं. ठरावाला सूचक-अनुमोदक असावेत.

कन्व्हेयन्सच्या कागदाला घाईत 'सी-ओ-एन' असं तीन इंग्रजी अक्षरी नाव देऊ नये. सोसायटीच्या ऑफिसात असतं त्या वयाचं विंडोज ते घेतच नाही. डॉसच्याही आधीच्या काळापासून ती तीन अक्षरं कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखीव आहेत. बिल्डरने अडवलेला कन्व्हेयन्स कॉम्प्युटरही अडवतो, यात कट शोधू नये.

आता जे हुशार आहेत ते म्हणतील, नावं हाताने कशाला द्यायची? फाइलची पहिली ओळ यंत्राला वाचू द्यावी आणि तीच नाव म्हणून चिकटवावी. कल्पना उत्तम आहे. फक्त आपल्याकडे प्रत्येक कागदाची पहिली ओळ '॥ श्री ॥' असते. दोनशे फायली, दोनशे श्री. त्यातही टंकलेखकाने खरे दंड न देता कीबोर्डवरच्या उभ्या रेघा दिल्या असतील, तर त्या रेघा त्याच नऊ निषिद्धांपैकी, म्हणजे श्रीच्याच नावाने काम अडतं. दुसरी ओळ घ्यावी, तर तिथे संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. तिसरी ओळ पत्ता. विषय येतो तो पानाच्या मध्यावर, आणि बहुधा तो 'वरील विषयास अनुसरून' असा असतो. शिवाजी फॉन्टातल्या जुन्या फायलींचं तर विचारू नये. पडद्यावर सुंदर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. यंत्र ती इमानदारीने नावात उतरवतं, आणि 'पाण्याच्या टाकीची दुरुस्ती' ही फाइल मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसू लागते.

युनिकोडमध्ये सगळं सुरळीत, असंही समजू नये. 'दुसऱ्या मजल्यावरील गळती' या नावातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. डोळ्यांना फरक नाही. यंत्राला मात्र ही दोन वेगळी नावं, आणि म्हणून दोन वेगळ्या गळत्या. एका नावाने शोधलं की निम्मा पत्रव्यवहार हाती लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार तेवढी दोन्हींत एकच.

तारखा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ साली हीच पद्धत प्रमाण केली, आयएसओ ८६०१ या नावाने. आपण ३१ मार्च असं दिवसापासून लिहितो, म्हणून यादीत सगळ्या एक तारखा एकत्र येतात. त्यात कॅमस्कॅनरच्या फायली महिना आधी घालतात. ते ॲप सरकारने २९ जून २०२० रोजी बंद केलं, पण त्याने ठेवलेली नावं सोसायटीत अजून राहतात, आणि ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर कमिटीत मतदान घ्यावं लागतं. रुळांपलीकडच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं साल कोरलेलं आहे. कोरणाऱ्याने त्यापुढे 'फायनल', 'फायनल नवीन' किंवा 'फायनल हेच घ्या' असं काहीही कोरलेलं नाही.

इथवर येईपर्यंत तरुण सभासद रडकुंडीला आलेला असतो. त्याने सेक्रेटरीकाकांकडे जावं. अंबरनाथ पश्चिमेत काका बऱ्याचदा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले असतात, आणि त्यांच्या लोखंडी कपाटात आवक-जावक रजिस्टर असतं. लाल शाईने आखलेलं, प्रत्येक कागदाला क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. म्हणजे बारसं कधीच झालेलं आहे, फक्त ते कॉम्प्युटरला कोणी कळवलेलं नाही.

मग एक्सेल उघडावं. पहिल्या रकान्यात फाइलचं जुनं नाव, दुसऱ्यात रजिस्टरचा क्रमांक, तिसऱ्यात तारीख, चौथ्यात विषय दोन-तीन शब्दांत. क्रमांक ००४७ असा चार आकडी ठेवावा, नाहीतर कित्येक ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ अशी रांग लागते. पाचव्या रकान्यात हे सगळं जोडणारं सूत्र. तारीख तशीच जोडली, तर १ एप्रिल २०१९ ऐवजी ४३५५६ येतं, कारण एक्सेल १९०० सालापासूनचे दिवस मोजत बसलेलं असतं. तिला सूत्रातच तारखेचं रूप द्यावं लागतं. त्या रकान्यातून नाव बदलायचे हुकूम तयार होतात. ते नोटपॅडमध्ये चिकटवून बॅच फाइल करावी, यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि पहिल्याच ओळीत कोडपेज ६५००१ लावावं. कोडपेज विसरलं, तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात. यूटीएफ-८ विसरलं, तर प्रश्नचिन्हं येतात, आणि प्रश्नचिन्ह हेही नऊंपैकीच. बटण दाबण्याआधी सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. पेनड्राइव्ह काकांच्या कपाटात ठेवावा, किल्ली त्यांच्याकडेच असते.

नावं बदलली, यादी छापली, रजिस्टरच्या आतल्या बाजूला डकवली. आता एकच खबरदारी. वकिलांना पाठवायचं ते ईमेलने पाठवावं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. काका टाकतीलच. मग कोणाच्या तरी फोनमध्ये '२०१९-०४-०१_००४७_टाकी-दुरुस्ती' ही फाइल 'डॉक', आजची तारीख आणि 'डब्ल्यूए०००७' अशी उतरेल, आणि खालून लगेच विचारणा होईल : "हे कशाचं आहे? उघडत नाहीये. परत पाठवा."