गेला बिचारा रीच

सोमवारी सकाळी पोहे अर्धे झाले होते, तेवढ्यात डिजिटल विभागातून फोन आला. पलीकडचा मुलगा एवढंच म्हणाला, "सर, गेला." मी विचारलं, "कोण?" तर म्हणे, "रीच." माझा चेहरा पाहून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी म्हटलं, "आमचा रीच गेला गं." तिने लगेच हात जोडले. "संपादकांचा कुत्रा ना? मागच्या दिवाळीत माझी साडी चाटत होता. मुकं जनावर, सुटलं बिचारं."

ऑफिसात पोचलो तर तिथे खरोखरच घरात माणूस गेल्यासारखं वातावरण होतं. चहा आला होता, पण त्यावर साय धरली होती. संपादक भिंतीवरच्या पडद्यासमोर बसून होते. पडद्यावरची रेघ शनिवारपर्यंत गड चढत आली होती आणि रविवारी मध्यरात्रीनंतर तिने जी कड्यावरून उडी घेतली ती थेट तळाला. "रात्री झोपेतच गेला," कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. "फार हाल झाले नाहीत."

आमच्या फेसबुकवरच्या पानाला बारा लाख लोक फॉलो करतात. निदान तसं त्या पानावर लिहिलेलं आहे. त्या सकाळी टाकलेली पाण्याच्या टँकरची बातमी त्यातल्या ४१ जणांना दिसली. त्यातले ३८ आमच्याच ऑफिसातले, कारण प्रत्येक बातमीला अंगठा दाखवावा असं एचआरचं परिपत्रक आहे. उरलेल्या तिघांत एक टँकरचा कंत्राटदार होता. त्याने बातमीची तक्रार केली.

माणूस गेला की भेटायला येणाऱ्यांची एक रीत असते. गेलेल्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं आणि मग आपल्याकडची मरणं काढून बसायचं. आमच्या वृत्तसंपादकांनी हे काम अंगावर घेतलं. ते म्हणाले, "अहो, हे खानदानच अल्पायुषी. २०१५ साली फेसबुकने सांगितलं, तुमच्या बातम्या आमच्याच ओसरीवर मांडा, चटकन उघडतील. न्यूयॉर्क टाइम्ससुद्धा पथारी घेऊन गेला. २०२३ साली ओसरीच बंद. मधल्या काळात फर्मान निघालं की आता व्हिडिओ! लोकांनी लिहिणारे काढले आणि कॅमेरेवाले ठेवले. आणि २०१६ च्या सप्टेंबरात फेसबुकनेच कबूल केलं की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ बघतात, तो आकडा आम्ही दोन वर्षं फुगवून दाखवत होतो."

"फुगवून म्हणजे?" मी विचारलं.

"तीन सेकंदांच्या आत पळालेल्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. म्हणजे पंगतीत बसून मिठाचा वास घेऊन उठून गेले त्यांना मोजायचं नाही, आणि उरलेल्यांवरून सांगायचं की आमच्याकडे माणूस सरासरी नऊ पोळ्या खातो. त्या नऊ पोळ्यांवर विसंबून अर्ध्या जगाने आचारी बदलले."

वृत्तसंपादक रंगात आले की थांबत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत झुकरबर्ग यांनी जाहीर केलं की यापुढे आधी नातेवाईक आणि मित्र, मग बातम्या. फीडमधला बातम्यांचा वाटा सुमारे ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येणार होता. टक्का एकच. पण लिटलथिंग्ज नावाची अमेरिकेतली गोड गोड गोष्टींची साइट, कुत्र्यामांजरांचं सुखदुःख मांडणारी, फेब्रुवारी संपायच्या आत मिटली. आपला पाऊण रीच गेला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. (आईला हे कळलं तर ती म्हणेल, तेही कुत्रंच होतं ना.) ऑस्ट्रेलियात २०२१ च्या फेब्रुवारीत बातम्यांच्या मोबदल्यावरून सरकारशी वाजलं, तेव्हा कंपनीने बातम्या बंद करताना हवामान खात्याचं आणि आरोग्य खात्यांची पानंही पुसून टाकली. बातमी कशाला म्हणायचं हे यंत्राला समजलं नव्हतं. आमच्याकडच्या काही शिकाऊ वार्ताहरांनाही समजत नाही, पण ते हवामान खातं बंद पाडत नाहीत. कॅनडात तशाच कायद्यावरून २०२३ च्या ऑगस्टमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्या गेल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं, तर लोकांनी बातमीच्या लिंका टाकायच्या कुठे? शेवटी स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत बसले.

"म्हणजे आपलं त्या मानाने सुखाचं मरण," संपादक म्हणाले, आणि साय बाजूला करून त्यांनी चहा प्यायला.

दुपारी सल्लागार आले. पूर्वी असल्या प्रसंगी गुरुजी यायचे, त्यांची दक्षिणा कमी असायची. सल्लागारांनी आल्या आल्या भिंतीवरच्या बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीकडे पाहून विचारलं, "हे क्रिएटर कोण? यांच्याबरोबर कोलॅब होईल का?" यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सध्या अॅक्टिव्ह नाहीत."

मग उपाय. बातमीची लिंक पोस्टमध्ये घालायची नाही, यंत्राला ती आवडत नाही. ती पहिल्या कमेंटमध्ये घालायची. म्हणजे लग्नाची पत्रिका छापायची आणि कार्यालयाचा पत्ता शेजारच्या इमारतीच्या जिन्यात चिकटवायचा. रोज सकाळी एक प्रश्न टाकायचा. त्यानुसार दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर, अर्थसंकल्पाच्या विश्लेषणाच्या जागी, "भेंडी चिकट की कुरकुरीत?" हा प्रश्न आला आणि त्यावर चार हजार मतं पडली. अर्थसंकल्पाचं विश्लेषण करणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने चिकटच्या बाजूने मत दिलं आणि तो लवकर घरी गेला.

पण खरा आत्मा होता शीर्षकात. मराठी पत्रकारितेला गेल्या काही वर्षांत लाभलेलं सर्वांत मोठं रत्न म्हणजे एकेरी अवतरणचिन्हातला 'या'. 'या' अभिनेत्रीने, 'या' मंत्र्याला, 'या' राशीच्या लोकांनी. शहरातल्या 'या' भागात उद्या पाणी नाही! पूर्वी भागाचं नाव शीर्षकातच असायचं. माणूस ते उभ्या उभ्या वाचून बादल्या भरायला मोकळा व्हायचा. आता आधी लिंक उघडायची, मग कुकीज स्वीकारायच्या, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात बंद करायची, पाणीकपातीचा इतिहास वाचायचा, आणि सहाव्या परिच्छेदात आपल्या पेठेचं नाव सापडेपर्यंत नळ गेलेला असतो. गंमत म्हणजे शीर्षकात माहिती दडवणाऱ्यांना मागे ढकलू, असं फेसबुकने २०१६ सालीच जाहीर केलं होतं. दडवलं तरच वाचक येतात आणि दडवलं की मालक रागावतो, अशा कात्रीत आमच्या डेस्कवरची मुलं गेली कित्येक वर्षं बसून आहेत. हल्ली ती घरीसुद्धा तशीच बोलतात. परवा एकाने बायकोला सांगितलं, "आपल्या 'या' नातेवाइकाचा आज फोन आला होता." पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

ज्या अॅपने हाकललं त्याच्या नावाने बोटं मोडत आम्ही दुसऱ्या अॅपवर चॅनल काढलं. नारळ वगैरे फोडून झाल्यावर कळलं की दोन्ही घरांच्या भाडेकरारावर मालक एकच आहे.

हे सगळं चालू असताना खाली रिसेप्शनवर आमचे एक पेपरवाले काका येऊन बसले होते. पुरवण्या भरण्याचं वाढीव कमिशन तीन महिने थकलेलं होतं, ते विचारायला. त्यांना निरोप गेला की आज घरात दुःख आहे, नंतर या. काका भले, ते भेटायलाच वर आले. त्यांच्या हातात कव्हरला चिकटपट्टी लावलेली लांबट वही होती. डिजिटलच्या मुलाने सहज उघडून पाहिली आणि मोठ्याने वाचायला लागला. दोनशे बारा घरं. दुसरा मजला डावीकडे, आठ तारखेपर्यंत बंद, मुलीकडे गेलेत. चाळीतल्या आजी, पेपर कडीला अडकवणे, वाकता येत नाही. बंगला, फक्त रविवार, कोडं सोडवतात, फाटका अंक चालत नाही. वकीलसाहेब, बिल दोन महिने बाकी, पण माणूस चांगला.

सल्लागारांचे डोळे विस्फारले. "काका, हा डेटा कुठून मिळवला?"

"जिने चढून," काका म्हणाले. "लिफ्ट आहे, पण पेपरवाल्याला वापरू देत नाहीत."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मला वाटलं, आता संपादक काहीतरी बोलतील. ते बोललेही. म्हणाले, "याचं रील करा."

पहाटे साडेचारला चौकातल्या दिव्याखाली मांडी घालून पुरवण्या भरणारे काका, मागे बासरी, वर शीर्षक: "'या' पेपरवाल्याच्या वहीत असं आहे तरी काय?" दोन दिवसांत नऊ लाख लोकांनी ते पाहिलं. त्यातल्या किती जणांनी तीन सेकंदांच्या पुढे पाहिलं, हे वृत्तसंपादकांनी विचारलं नाही, आणि ते विचारणार नाहीत याची आम्ही काळजी घेतली. पडद्यावरची रेघ पुन्हा उभी राहिली. पेढे आले. मी घरी आईला सांगितलं की रीच जिवंत आहे, तर ती म्हणाली, "अगंबाई! मग पुरलं कोणाला?"

काका काल परत आले होते, कमिशनचं विचारायला. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना लगेच ओळखलं, "रीलवाले काका ना तुम्ही?" तिने त्यांच्याबरोबर सेल्फी काढला. चेक अजून सहीसाठी वर आहे.