तांब्याभर पाणी, वीतभर तार

मराठवाड्यातला माणूस पावसाची वाट पाहण्यात हयात घालवतो. पण तोच पाऊस धावत्या गाडीत मांडीवर पडला की बिथरतो. आषाढात आमच्या आखाडा बाळापूरहून पंढरपूरला निघणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत हे हमखास पाहायला मिळतं. टपावर पातेली आणि सतरंज्या, सीटखाली पिठाचे डबे, आणि प्रत्येकाच्या खांद्याशी सरकत्या काचेची खिडकी. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच बिऱ्हाड मांडून देवाला जाणाऱ्या आमच्या मंडळींना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

वारंगा फाट्याच्या आसपास सर आली की उपाय सुरू होतात. बंद असलेली काच प्रत्येक जण एकदा येऊन दाबून पाहतो. मग फटीत टॉवेल कोंबला जातो. तोही भिजला की एखादा धोरणी गृहस्थ उठून उभा राहतो आणि अत्यंत अदबीनं म्हणतो, "मावशी, तुम्ही इथं बसा, वारं लय छान येतंय."

मला या खिडकीचं एक कौतुक वाटतं. पाणी आत येणारच, हे तिच्या घडणीतच धरलेलं असतं. दोन काचा सरकायच्या तर त्यांच्यामध्ये आणि खाली थोडी फट हवीच. त्या फटीवर मखमली पट्टी आणि रबर लावून पाऊस अडवतात, पण पुरता नाही. उरलेलं पाणी काचेवरून ओघळून खालच्या पन्हळीत उतरतं. या पन्हळीची आतली कड उंच, बाहेरची ठेंगणी. आणि तळाशी बाहेरच्या अंगाला बारीक भोकं. आलेलं पाणी तिथून निमूट बाहेर जावं, एवढीच योजना.

योजना बिघडते ती उन्हाळ्यात. मे महिन्याच्या उन्हात रबर वाळून तडकतं. पन्हळीत आधी काळ्या मातीचा फुफाटा बसतो, त्यावर शेंगांची टरफलं, चुरगळलेलं तिकीट आणि कुणाच्या तरी पिशवीतून सांडलेली हळद. पहिल्या सरीत या सगळ्याचा चिखल होतो आणि भोकं लिंपली जातात. पन्हळ काठोकाठ भरते, तरी गाडी सरळ चालली आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. मग गतिरोधक येतो. ड्रायव्हर ब्रेक मारतो, पन्हळीतलं सगळं पाणी पुढच्या टोकाला धावतं आणि काठ ओलांडून थेट मावशींच्या पदरात.

यावर शहाणा माणूस सिलिकॉनची ट्यूब आणतो. बाहेरून नीट न्याहाळतो, खाली भोक दिसतं, आणि चोर सापडल्याच्या आनंदात तो नेमकं तेच बुजवतो. आता पाण्याला एकच वाट उरते, आतली. अशा खिडकीपाशी आलेला काचा बसवणारा कारागीर नुसता बघून सांगतो, "सर, ही गळत नाही, तुंबलीय." मग सायकलच्या चाकाची जुनी तार काढतो, भोकात फिरवतो. आधी काळा लगदा येतो, मग गढूळ धार, मग स्वच्छ धार. ट्यूब विकत घेणाऱ्याचा चेहरा तेवढा उतरलेला असतो.

आमच्या जुन्या धाब्याच्या घरांना हे शहाणपण होतं. मातीचं माळवद पाऊस पूर्ण अडवेल, असा भरवसा बांधणाऱ्यानं कधी धरला नाही. त्यानं उतार दिला, भिंतीबाहेर पन्हाळ काढला, आणि पावसाळ्याआधी तो मोकळा करायचं काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात मारलं. अडवायचं थोडं, जाऊ द्यायचं फार. माणसांच्या तक्रारींचंही बहुधा असंच असतं. यात्रेत रुसलेल्या मंडळींना गप्प बसवलं की पुढच्या ब्रेकला सगळं बाहेर येतं. थोडं बोलू दिलं, तर पंढरपूर बरं गाठता येतं.

तेव्हा यात्रेची गाडी असो की पलंग-फ्रिजची कॅराव्हॅन, निघण्याआधी खिडकीच्या पन्हळीत सावकाश तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर जाऊन बघा. खालून धार लागली तर खुशाल निघा. नाही लागली, तर ट्यूब दुकानातच राहू द्या. तांब्या आपल्यासोबत असतोच. तारेचं तेवढं बघा.