गेटवरच्या ‘पाहिजेत’ पाटीस सविनय उत्तर

मा. कारखानदार साहेब यांस,
भोसरी एमआयडीसी (ब्लॉक नंबर मुद्दाम लिहीत नाही, तुमचं तुम्ही ओळखालच)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या गेटवरची पाटी. ‘पाहिजेत : इलेक्ट्रिशियन, आयटीआय पास, अनुभव किमान ५ वर्षे, पगार योग्यतेनुसार.’ मी रोज सकाळी गाडीवरून त्याच रस्त्याने जातो. पाटी लागली तेव्हा ऊन होतं. मग पाऊस झाला आणि ‘योग्यतेनुसार’मधला ‘यो’ वाहून गेला. दिवाळीपर्यंत नुसतं ‘नुसार’ उरलं. कशानुसार, ते आता पगार देणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे पूर्वीही तसंच होतं म्हणा.

त्यात तुमच्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला. ‘आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, कुशल माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही,’ असं तुम्ही फार कळकळीने म्हणालात. पाण्याचा घोट घ्यायला थांबलात तेव्हा माझेही डोळे पाणावले. तेव्हाच ठरवलं, साहेबांना कळवायचंच. हरवलेल्या माणसाने स्वतःहून ठावठिकाणा कळवला तर पोलिसांचाही त्रास वाचतो.

तर साहेब, मी सापडलो. सहा वर्षं तुमच्याच मेंटेनन्समध्ये होतो. म्हणजे तुमच्याकडे होतो, तुमचा नव्हतो. कंपनीच्या रोलवरच्यांना निळं हेल्मेट, कंत्राटवाल्यांना पिवळं. मी पिवळ्यातला.

पाटीवर तुम्ही पाच वर्षं अनुभव मागता, तिथेच माझी पहिली अडचण झाली असती. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचा वारा लागतो, हे तुमच्या एचआरला पाठ होतं. त्यामुळे सात महिने झाले की आम्हाला ‘ब्रेक’ मिळायचा. आठ-दहा दिवस घरी बसायचं, मग नवा फॉर्म, नवे दोन फोटो, नवं टोकन. सहा वर्षांत मी नऊ वेळा नव्याने भरती झालो. कागदावर माझा अनुभव कधी सात महिन्यांच्या वर गेलाच नाही. तुम्हाला हवा तो पाच वर्षांचा माणूस तुम्हीच दर सात महिन्यांनी खोडत होता, आणि आता त्याला दिवा घेऊन शोधताय.

माझी शेवटची पगाराची स्लिप अजून पाकिटात आहे. देवाच्या फोटोमागे ठेवलीय. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून १४,३००. त्याच्या पाच टक्के घरभाडे भत्ता, ७१५. (सातशे पंधरा रुपयांत भोसरीत काय भाड्याने मिळतं, याचा मी शोध घेतला होता. मंडपवाल्याकडे खुर्च्या मिळतात.) एकूण १५,०१५. त्यातून पीएफ १,७१६, ईएसआय ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,९८६. याला सव्वीस दिवसांनी भागलं की दिवसाला पाचशे रुपयांना चोपन्न पैसे कमी. ते चोपन्न पैसे मला फार लागायचे. पूर्ण पाचशे असते तर बायकोला सांगायला सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर तीनशे कापतात. सहा वर्षं मी व्यवसाय कर भरला तेव्हा माझा कुठलाच व्यवसाय नव्हता. आता व्यवसाय आहे. (आताचं विचारू नका.)

पीएफ माझाच आहे, तो बुडाला असं मी म्हणणार नाही. कंत्राटदारही बिचारा एकटाच खात नव्हता. एकदा त्याच्या बिलाची झेरॉक्स चुकून आमच्या मस्टरमध्ये आली. माझ्या नावापुढे वीस हजारांच्या वर आकडा, त्यात त्याचा सर्व्हिस चार्ज, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटी तुम्हाला वळता मिळतो म्हणे. माणूस पुरवला तरी तोच अठरा टक्के, हे वाचून मात्र आपण काहीतरी दर्जेदार माल आहोत असं वाटलं.

किमान वेतनाबद्दल तुमचा आग्रह मी जवळून पाहिला आहे. सरकारी परिपत्रकात असेल तो आकडा, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. ‘आम्ही कायद्याच्या बाहेर जात नाही,’ असं तुम्ही अभिमानाने सांगायचात. किमान म्हणजे याच्या खाली नको, एवढंच सरकारचं म्हणणं होतं. तुमच्याकडे किमान हेच कमाल झालं, आणि खरोखरच कमाल झाली. विशेष भत्ता तर कुशल, अर्धकुशल, अकुशल सगळ्यांना सारखाच. दर सहा महिन्यांनी वाढायचा, तोही सारखाच. त्यामुळे दोन वर्षं आयटीआय करून, हातावर शॉकचे डाग घेऊन आलेला मी आणि परवा लागलेला हेल्पर, आमच्यात फरक फक्त सोळाशे रुपयांचा. हेल्परला कमी द्या, असं मी म्हणत नाही. तो माझ्याच गावचा.

रिटायर व्हायला आलेले एक रोलवरचे काका आमच्यासोबत चहाला बसायचे. जुने युनियनवाले. त्यांनी सांगितलं की १९५७ साली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांनी मिळून एक हिशेब ठरवला होता. एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं, प्रत्येकी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी पाचवा हिस्सा. पुढे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोरांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. मी घरी जाऊन वहीत हिशेब मांडला. बायकोने बहात्तर वार कापडापाशीच वही मिटली. म्हणाली, दोन साड्या आणि एक युनिफॉर्म, बाकीचे वार कोण नेसतंय?

आता तुम्ही म्हणाल, पगार सोडा, काम कुठे एवढं होतं? म्हणून एका नाईटची आठवण करून देतो. डिसेंबर महिना, पावणेदोन वाजता पेंट शॉपचा ओव्हन ट्रिप झाला. परत लावला, परत पडला. सहा हीटर बँका, पत्रा अजून तापलेला. एकेक बँक सुटी करून मेगर लावत गेलो. पाचवीत लीकेज सापडलं. ती बाजूला काढून बाकीच्यांवर लाईन चालू केली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मग शिफ्ट संपल्यावर थांबून चार तासांत नवे हीटर बसवले. त्या चार तासांचे मला २८९ रुपये मिळाले. कायदा म्हणतो ओटी दुप्पट, म्हणजे चार तासांना पूर्ण दिवसाचा पगार. मला एकपट मिळाला, आणि वर ‘वेल डन’ मिळालं. रिपोर्ट निळ्या हेल्मेटने लिहिला. त्याचं अक्षर चांगलं होतं.

याच पगाराने मला घडवलं, साहेब. दुसरा एखादा मालक असता, बावीस-पंचवीस हजार देऊन माझे पंख कापले असते त्याने. ईएमआय लागला असता, आयुष्यभर मी तिथेच राहिलो असतो. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. तुम्ही मला इतकं कमी दिलंत की सोडताना काही सुटतंय असं वाटलंच नाही.

सासऱ्याकडून बारा हजार उसने घेतले. हॅमर ड्रिल, क्लॅम्प मीटर, चांगली पक्कड, आठ फुटी शिडी. मोशी-चिखलीच्या बाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या. दोन वॉचमन आणि एका हार्डवेअरवाल्याकडे कार्ड ठेवलं. पहिल्या महिन्यात चौदा हजार सुटले. दिवाळीच्या महिन्यात एकतीस.

गेल्या जूनमध्ये एका बंगल्यातून फोन आला, मेन सारखा पडतोय. गेलो तर दारात तुम्ही. तुम्ही मला ओळखलं नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. आम्ही कधी हेल्मेटशिवाय भेटलोच नव्हतो. आरसीसीबी पडत होता. एकेक सर्किट बंद करत गेलो, गीझरपाशी सापडलं. एलिमेंट फुटून करंट अर्थला जात होता. पाणी सोडलं, एलिमेंट बदललं, पाऊण तास. एलिमेंटचे पैसे वेगळे, माझे साडेसातशे. तुम्ही एका शब्दाने घासाघीस केली नाहीत. फोन पुढे करून स्कॅन केलंत, वहिनींनी चहा दिला, आणि तुम्ही माझा नंबर ‘इलेक्ट्रिशियन चांगला’ या नावाने सेव्ह केलात. वर म्हणालात, ‘अशी माणसं आम्हाला कंपनीत मिळत नाहीत हो!’

बिस्कीट चहात पडलं माझं. ओव्हन आणि गीझर, फॉल्ट एकच. तिथे रात्रभर, इथे पाऊण तास. तीच पक्कड म्हणता येणार नाही, कारण ती पक्कड तुमच्या स्टोअरची होती. माणूस मात्र तोच.

पण उगीच गोड चित्र रंगवत नाही. पितृपक्षात फोन वाजत नाही, कारण तेव्हा कोणी नवीन पंखासुद्धा लावत नाही. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्यांची एक वेगळी वही आहे. मागच्या वर्षी शिडी सरकली, मनगट गेलं. एकवीस दिवस प्लास्टर, एकवीस दिवस शून्य. पिवळ्या हेल्मेटात असताना ईएसआयचं कार्ड तरी होतं. त्या ११३ रुपयांची किंमत मला हॉस्पिटलच्या काउंटरवर कळली. तेवढं तुमचं देणं मी मान्य करतो.

आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो, पुढच्या भाषणात वापरा. सरकारी पाहणी म्हणते की २०२३-२४ मध्ये देशातल्या काम करणाऱ्या माणसांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारवाले होते, आणि सरासरीने त्यांची कमाई पगारदारांपेक्षा कमी. खोटं नाही. पण त्या ५८.४ टक्क्यांत घरच्या शेतात राबणारी माझी आईही धरलेली असते. तिला पगार म्हणून कुणी रुपया देत नाही, तरी ती स्वयंरोजगारवालीच. आणि पगारदारांत तुमचे बँकवाले, मास्तर, कारकून, सगळे आले. माझी तुलना त्यांच्याशी नाही. मी फक्त पिवळं हेल्मेट आणि माझी शिडी शेजारी ठेवून पाहिली.

तर पाटीबद्दल. ती काढू नका, पण एक दुरुस्ती करा. उरलेलं ‘नुसार’ पुसून तिथे आकडा लिहा. साधा आकडा, मोठ्या अक्षरात. तुमच्या घरी मी तोंडाने साडेसातशे म्हणालो, तुम्ही हो म्हणालात, विषय संपला. गेटवर मात्र पाटी काही बोलतच नाही, आणि माणूस आत गेल्यावर कंत्राटदार बोलतो. आमची आयटीआयची पोरं अडाणी नाहीत. ती दोन्हीकडचे दर विचारतात, मग चहाच्या टपरीवर हिशेब मांडतात, आणि मग शिडी घेतात.

कळावे, लोभ आहेच, पगार वाढावा ही विनंती.

आपला पूर्वीचा,
इलेक्ट्रिशियन चांगला

ता. क. : एक सांगायचं राहिलं. काम वाढलं म्हणून मी हाताखाली एक पोरगा घेतला आहे. आयटीआय पास, हात साफ, फॉल्ट पटकन पकडतो. दिवसाला चारशे देतो. गेल्या आठवड्यात त्याने पाचशे मागितले, तर मी म्हणालो, ‘आधी काम नीट शिक, मग बघू.’ बोलल्यावर जाणवलं, हे वाक्य माझं नाही, तुमच्या मेंटेनन्स मॅनेजरचं आहे. आवाजसुद्धा तसाच निघाला. परवा तो शिडी धरून उभा होता. सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘दादा, हा क्लॅम्प मीटर केवढ्याला आला?’ मी किंमत दुप्पट सांगितली.