बसा ना, भाऊ!

बुलडाणा जिल्ह्यात पाहुणा एक वेळ उपाशी राहील, पण उभा राहणार नाही. त्यातून माझ्यासारखा असेल तर मुळीच नाही. लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे, काखेत कुबडी आहे आणि गळ्यात कॅमेरा. लोकांना पहिल्या दोनच गोष्टी दिसतात. मी मंडपात शिरलो की कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची येतेच. "बसा ना भाऊ, कायले तरास घेता?" आता लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं बसायचं कधी? मंगलाष्टकं बसून टिपली, तर अल्बमभर वऱ्हाडाच्या पाठीच येतील.

हिणवणाऱ्याशी भांडता येतं. मायेनं खुर्ची पुढे करणाऱ्याशी काय भांडणार? माझ्या पिढीतल्या अपंग पोरांचं भविष्य नातेवाइकांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं : एसटीडी-पीसीओचा बूथ. तो अपंगांना प्राधान्यानं मिळायचा आणि त्यात बसून राहायचं असायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तम. भेंडवळच्या घटमांडणीच्या भाकितातसुद्धा पावसापाण्याचं थोडं इकडेतिकडे होतं, पण आमच्या मामांना माझ्या बूथबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पुढे मोबाइल आला, बूथ गेले आणि मामा त्या विषयावर बोलेनासे झाले.

या बसवण्याच्या बाबतीत मला बाबा आमट्यांचा हेवा वाटतो. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. त्यांच्यापुढे खुर्ची सरकवणाऱ्यांची काय पंचाईत होत असेल! १९८५ मध्ये ते भारत जोडो अभियान घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मंडळी सायकलींवर आणि म्हातारा गाडीत आडवा. पुढारी मात्र तो आडवा म्हाताराच होता.

दुसरा हेवा मुरलीकांत पेटकरांचा. सांगलीकडचे, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पोहायला सांगितलं, तर हा गडी उपचारावर थांबला नाही. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळून आला आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत घेऊन आला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पन्नास मीटरला सदतीस सेकंद आणि तलावापासून दिल्लीपर्यंत सेहेचाळीस वर्षं!

माझी महत्त्वाकांक्षा एवढी ओली नव्हती. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संस्थेनं दिला. जगभर फोटो झळकले, बहुतेक वरच्या काठावरून घेतलेले. मला खालून हवा होता. "वरूनच चांगला येते फोटो, कायले तरास घेता?" हे अर्थातच ऐकून झालं. टाळेबंदी उठल्यावर एका बाजूनं उतरलो. दीडेकशे मीटर खोल विवर आहे ते. उतरताना कुबडी पुढे, मी मागे. काही ठिकाणी मी बसून सरकलो, तेव्हा बसायला कुणी सांगितलं नव्हतं. खाली पोचलो तोवर पाणी पुन्हा हिरवं झालेलं होतं. वर येताना धापा टाकत बसलेली कॉलेजची पोरं भेटली. "काका, तुम्ही? ग्रेट!" म्हणत त्यांनी माझ्याबरोबर सेल्फी काढले. त्या दिवशी सरोवरापेक्षा माझेच फोटो जास्त निघाले आणि त्यातला एकही मी काढलेला नव्हता. त्यांच्यातल्या एकानंही हिरव्या पाण्याच्या माझ्या फोटोची किंमत विचारली नाही, हे खरं दुःख. कौतुक फुकट मिळतं. पोट भरायला गिऱ्हाईक लागतं.

बाकी सरकारचं म्हणाल, तर कागद चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं. एसटीच्या तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पायरीत मात्र काहीच नाही. ती जुन्याच उंचीवर आहे. आणि सरकारी कचेऱ्यांतले रॅम्प! त्यांचं गणित कुणीतरी गवंड्यांना शिकवायला हवं. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प अठरा फुटांचा. आपल्याकडे तो चार फुटांत उरकतात. त्या घसरगुंडीवर चाकाची खुर्ची ढकलायला पैलवान लागेल, म्हणून शेवटी तिथे साहेबांची मोटारसायकल उभी असते. रॅम्पच्या उद्घाटनाचे फोटो काढायला मलाच बोलावतात. मी बाजूच्या पायऱ्यांनी चढतो. मला त्या सोप्या पडतात.

तर मंडळी, यंदा घरात लग्न ठरलं असेल, तर तारखा लवकर कळवा. तुळशीच्या लग्नानंतर मला फुरसत नसते. खुर्ची मांडू नका. दर बाजारभावाप्रमाणे राहील, अपंग म्हणून मी कमी घेणार नाही आणि तुम्ही जास्त देऊ नका. आणि स्टेज तीन फुटांचं बांधणार असाल, तर मंडपवाल्याला आजच सांगून ठेवा : छत्तीस फुटांचा रॅम्प लागेल. माझं एक वेळ चालेल, पण नवरीच्या आजीलाही वर यायचं असतं.